थांब म्हटल्यानंतर

रस्ता ओलांडण्यासाठी त्याने पाऊल खाली टाकले न टाकले, तोच मागून कोणीतरी त्याच्या कोटाची बाही धरून त्याला ओढले. ओढ चांगली जोराची होती. खांद्यावरची पिशवी घसरून कोपरात आली आणि तो पदपथाच्या कडेवर कसाबसा सावरला. बाही धरणारी एक मध्यमवयीन बाई होती. दुसऱ्या हातात भाजी, चेहऱ्यावर अजून न पुसलेली भीती. "अहो, थांबा," ती म्हणाली, आणि तेही ओढून झाल्यावर. त्याने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. रस्ता मोकळा होता. वळणावर एक बस उभी होती आणि ती उभीच होती. "काय झालं काय?" त्याने विचारले. आवाज कामावरचा निघाला, वरच्या पट्टीतला. "मला वाटलं, बस सुटली," बाई म्हणाली. "उभी आहे ती." "हो, आता दिसतंय. मला आपलं वाटलं." "मला दिसत होतं," तो म्हणाला. हे साफ खोटे होते. त्याला बस दिसली नव्हती, रस्ताही दिसला नव्हता. आपण रस्त्याच्या कडेला आलो आहोत हेसुद्धा त्याला बाही ओढली गेल्यावरच कळले होते. बाई हसली. तापलेल्या भांड्यावरून काढावा तसा तिने हात काढून घेतला आणि रस्ता ओलांडायला थांबलेल्या माणसांच्या पलीकडे, त्याच्यापासून लांब जाऊन उभी राहिली. रस्ता ओलांडतानाही तिने त्याच्याकडे पाहिले नाही. तो मात्र तिथेच राहिला, कारण ते हसू त्याच्या ओळखीचे होते. ते त्याने आज दुपारीच पाहिले होते, दुसऱ्या चेहऱ्यावर, आणि पाहूनही पाहिले नाही असे केले होते.

दुपारपासून तो स्वतःला हेच सांगत आला होता की दिवस उत्तम गेला. आणि हिशेबाने पाहिले तर तो उत्तमच गेला होता. वीजघरातले एक यंत्र दुरुस्तीसाठी उघडले होते. त्याचा फिरणारा गाभा, म्हणजे घराएवढ्या लांबीचा पोलादी रोटर, क्रेनने उचलून बाजूच्या लाकडी ठोकळ्यांवर आणून ठेवायचा होता. हे काम पाहायला मुख्य कार्यालयातून पाहुणे आले होते. इतर वीजघरांत दुरुस्त्या रखडतात, माणसे एकमेकांवर ढकलतात, आणि इथली टोळी मात्र वर्षानुवर्षे एकदिलाने काम करते, ते कसे, हे त्यांना समजून घ्यायचे होते. सकाळी त्याने सभागृहात त्यांना समजावून सांगितले. विश्वास, स्पष्ट संवाद, जबाबदारीची वाटणी. पडद्यावर आकृती होती, बाण होते. शेवटी त्याने तो नियम सांगितला, ज्याचा त्याला खरा अभिमान होता: भार हवेत असताना टोळीतला कोणीही, अगदी कालपरवा आलेला माणूसही 'थांब' म्हणू शकतो, क्रेन त्या क्षणी थांबते, भार खाली टेकतो, आणि तोवर कारण विचारायचे नाही. पाहुण्यांनी माना डोलावल्या. मग सगळे यंत्राच्या दालनात आले, रोटर वर उचलला गेला, माणसाच्या कमरेइतका वर आला, आणि नवीने हात वर करून "थांब" म्हटले.

नवी म्हणजे टोळीत नव्याने आलेली अभियंता. तो शिकला होता तशाच तंत्र महाविद्यालयातून आलेली, बोलायला कमी. तिला सगळे 'नवी'च म्हणत. आधीचा 'नवा' बदलून गेल्यावर ते नाव आपोआप तिच्याकडे आले होते. क्रेन थांबली. भार ठोकळ्यांवर टेकला. म्हातारा फिटर, ज्याला सगळे काका म्हणत, पोटावर झोपून तारेचे दोर बघत गेला, वळशावळशाला बोटे फिरवत. काही नव्हते. "काय दिसलं गं तुला?" काकाने विचारले. "दोरात काहीतरी चमकल्यासारखं वाटलं. तार तुटल्यासारखं." "वंगण आहे ते. वरच्या दिव्याचा उजेड पडलाय." पाहुणे पाहत होते. एकाने घड्याळाकडे नजर टाकली. कदाचित नसेलही टाकली, मनगट नुसते खाजवले असेल. आणि तो, टोळीचा प्रमुख, पाहुण्यांकडे वळून म्हणाला, "वयच तसं आहे हो. या वयात सगळंच चमकतं."

सगळे हसले. पाहुणे हसले, आणि साहेबांचे पाहुणे हसतात म्हणून टोळी हसली. नवीही हसली. बाकीच्यांपेक्षा किंचित वरच्या पट्टीत, आणि हात अजून खांद्याच्या उंचीवर तसाच. तो खाली आणायचे तिला सुचले नव्हते. मग तिने तो हात हेल्मेटचा पट्टा घट्ट करण्याच्या कामी लावला. भार पुन्हा उचलला गेला आणि पुढचे सगळे काम इतके देखणे झाले की शेवटी पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. फक्त क्रेनवाला गप्प होता. वर पिंजऱ्यात बसतो म्हणून त्याला 'वरचा' म्हणत, आणि 'वरच्याच्या मनात असेल तर आज लवकर घरी जाऊ' हा विनोद दालनात इतक्या वेळा झाला होता की नंतर नंतर तो विनोद न राहता वेळेचा अंदाज झाला होता. एरवी प्रत्येक उचलीला वरून काहीतरी शेरा यायचा. आज आला नाही. हे त्याच्या तेव्हाच लक्षात आले होते का? आले असावे. नाहीतर आता, पदपथावर उभे असताना, ते इतके स्वच्छ कसे ऐकू आले असते?

तो चालू लागला. दुकानांचे दिवे लागत होते. एका केशकर्तनालयात एक माणूस डोळे मिटून मान मागे टाकून बसला होता आणि वस्तरा त्याच्या गळ्यावरून वर सरकत होता. इतक्या निर्धास्तपणे कोणाच्या तरी हाती गळा देऊन बसणे त्याला आज अशक्यप्राय वाटले. सभागृहात आपण काय सांगितले नाही, ते त्याला आता आठवू लागले. विसरला नव्हता तो. जिभेवर आलेले त्याने गिळले होते, कारण पडद्यावरच्या बाणांपुढे ते फार लहान, फार घरगुती वाटले असते. नियमाचा दुसरा अर्धा भाग असा होता, की भार टेकल्यावर टोळीच्या प्रमुखाने थांबवणाऱ्याला आधी म्हणायचे, "बरं केलंस." आधी. दोर तपासायच्या आधी, कारण विचारायच्या आधी, थांबवणे खरे ठरते की खोटे हे कळायच्या आधी. सगळे यंत्र या दोन शब्दांवर चालत होते. बाण नुसतेच काढलेले होते.

हे शब्द त्याचे नव्हतेच. ते त्याला मोठ्या मिस्त्रींकडून, त्याच्या आधीच्या टोळीप्रमुखांकडून, मिळाले होते. तो तेव्हा स्वतः नवा होता, अंगात कॉलेजची घमेंड. पहिल्याच मोठ्या उचलीत त्याने भाराच्या अंगावरून काहीतरी सरकताना पाहिले आणि तो किंचाळलाच. भार खाली आला. मोठे मिस्त्री लंगडत त्याच्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं केलंस. आता सांग, काय पाहिलंस?" त्याने पुन्हा वर पाहिले. छताच्या काचेवर कबुतर बसले होते आणि त्याची सावली भारावर पडत होती. "सावली," तो म्हणाला, आणि जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरे, असे त्याला झाले. कोणी हसले नाही. मिस्त्रींनी सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली होती, म्हणून हसले नाहीत. नंतर हात धुताना त्याने विचारले, तुम्ही रागावला कसे नाहीत? मिस्त्री म्हणाले, "आज सावलीला थांबवलंस. उद्या खऱ्याला थांबवशील. मला तुझं तोंड उघडं ठेवायचंय, बाबा. एकदा मिटलं की ते उघडायचं अवजार माझ्याकडे नाही." साबणाचा फेस त्यांच्या मनगटावरून ओघळत होता. त्या फेसाचा वास, त्या हाताचे खांद्यावरचे वजन, आणि सुटकेने डोळ्यांत आलेले पाणी लपवण्यासाठी आपण तोंडावर मारलेले थंड पाण्याचे हबके, सगळे त्याच्याजवळ जसेच्या तसे होते. सगळे आठवत असूनही आज त्याने नवीला हसण्यावारी नेले होते. विसरला असता तर निदान विसरभोळेपणाच्या खात्यावर घालता आले असते.

घरी बायकोने ताटे मांडली. ती शाळेत गणित शिकवायची आणि घरी आल्यावरही फळ्यासमोर उभे असल्यासारखी, समोरच्याची चूक त्याची त्याला सापडेपर्यंत थांबायची. "आज कुणाचं यंत्र आजारी आहे?" तिने विचारले. "दोनदा मीठ घेतलंत." त्याने पाहिले, घेतले होते खरे. "पाहुणे खूष होऊन गेले," तो म्हणाला. "मग तोंड का असं?" "एका मुलीनं उगीच उचल थांबवली." "मग?" "मग काही नाही. दोर ठीक होता. सगळे हसले." "तुम्ही?" त्याने पाण्याचा पेला उचलला आणि पुन्हा ठेवला. "मीच हसवलं." बायकोने वाढायचा चमचा भांड्यात ठेवला. "झालं तर मग," ती साध्या आवाजात म्हणाली, "आता ती कशाला परत तोंड उघडतेय."

"उद्या शेजारच्या यंत्राचं वरचं झाकण उचलायचंय," तो म्हणाला. "ते रोटरपेक्षा वाईट. एका बाजूला झुकतं. माणसं अगदी लगटून असतात, काकाचे हात खाली असतात. तिनं काही पाहिलं आणि गप्प राहिली तर..." वाक्य त्याने अर्धेच सोडले. आपण काकाच्या हातांना भीत आहोत, की स्वतःच्या नावाला, हे त्याचे त्यालाच सांगता येईना. "तिला बाजूला घेऊन सांगतो, चुकलं म्हणून." "बाजूला?" बायको म्हणाली. "हसवलंत चारचौघांत, आणि माफी कोपऱ्यात?" "मग काय करू?" "मला काय विचारता? वीजघर माझं आहे का?" मग थोड्या वेळाने, ताटे उचलता उचलता, "लेकीचा फोन आला होता. सगळं ठीक आहे म्हणाली." "मलाही परवा तेच म्हणाली." "तुम्हाला तेच म्हणणार. तुम्ही विचारताच तसं. 'सगळं ठीक ना?' यावर माणूस दुसरं काय म्हणणार?" हे ती भांडणासाठी म्हणाली नव्हती. लेक लग्नाआधी एकदा त्याच्या खोलीच्या दारात उभी राहून "बाबा, मला नीट वाटत नाहीये हे" म्हणाली होती. तो हसून म्हणाला होता, "ऐन वेळी सगळ्यांनाच असं होतं गं." तीही हसली होती. लग्न टिकले, वाईटही झाले नाही. पण त्या दारात ती पुन्हा कधी उभी राहिली नाही. त्याने मात्र त्या शांततेला सुख समजून वर्षे काढली. मग टोळीत ज्याला तो एकोपा म्हणत आला, त्यातला किती एकोपा होता आणि किती नुसते हेल्मेटचे पट्टे घट्ट करणे होते? मिस्त्रींचे शब्द त्याने शेवटचे कधी उच्चारले? गेल्या दुरुस्तीत कोणी थांबवलेच नव्हते. त्याआधीही नसावे. हे तो सभागृहात अभिमानाने सांगत होता.

सकाळी दाढी करताना त्याने आरशात "बरं केलंस" म्हणून पाहिले. शब्द शिळे लागले. काल द्यायची वस्तू आज दिली तर ती वस्तू राहत नाही, दान होते. आणि दान द्यायला तो कोण? चारचौघांत माफी मागितली तर सगळ्यांच्या नजरा पुन्हा तिच्याकडेच वळणार, आणि तिला पुन्हा हसावे लागणार. "नाही हो सर, काही नाही त्यात." ते हसू त्याला पुन्हा पाहायचे नव्हते. मग त्याला सुचले की बोलायचे नाही, द्यायचे. आज उचलीचे इशारे तिनेच द्यावेत. दालनात उचलीचा इशारा एकच माणूस देतो आणि वरचा त्या एका हाताशिवाय कोणाला ओळखत नाही. तो हात इतकी वर्षे त्याचा होता. ही कल्पना त्याला इतकी आवडली की गालावर फेस तसाच ठेवून तो क्षणभर स्वतःवर खूष झाला. नंतर त्या खुषीचीही त्याला लाज वाटायची होती, पण ते नंतर.

"आज इशारे ही देईल," त्याने दालनात नवीकडे बोट करून सांगितले. काकाने हातमोजे चढवता चढवता मान वर केली. "आणि साहेब, तुम्ही?" "मी बघतो." वरून आवाज आला, "चालेल. वरच्याचं काय, खालचे म्हणतील तसं." पण नवी जागची हलली नाही. "सर, आज नको. झाकण अवघड आहे. पुढच्या वेळी देते." "जमेल तुला." "जमेल हो," ती म्हणाली, "प्रश्न जमण्याचा नाही." मग कशाचा, हे तिने सांगितले नाही आणि त्याने विचारले नाही. ती यंत्रासमोर जाऊन उभी राहिली, हात वर केला, आणि झाकण आपल्या बैठकीतून सुटल्याचा तो खोल, ओलसर आवाज झाला.

इशारे बिनचूक होते. वर, सावकाश, थांब, डावीकडे. हात सरळ, मूठ स्वच्छ, त्याच्यापेक्षाही स्वच्छ. पण प्रत्येक इशाऱ्याआधी तिची नजर एकदा त्याच्या चेहऱ्यावर येऊन जात होती. आधी त्याला वाटले, सहज. मग त्याच्या लक्षात आले की आपली हनुवटी हलते आहे. ती पाहते, हनुवटी होकार देते, मग हात उठतो. त्याने दात दाबून चेहरा दगडासारखा ठेवून पाहिला. तिचा हात हवेत अडकला. झाकण तरंगत राहिले, दोर बारीक कुरकुरले, खाली काकाचे मोजे घातलेले हात कडेजवळ वाट पाहत होते. त्याची हनुवटी हलली. तिचा हात हलला. म्हणजे आजही हात त्याचाच होता, फक्त तिच्या खांद्याला जोडलेला. देण्याच्या नावाखाली त्याने आपलाच चेहरा तिच्यासमोर टांगून ठेवला होता, कालच्यापेक्षा मोठा करून. आणि ती दोराऐवजी त्या चेहऱ्याकडेच पाहत होती. हा चेहरा तिच्या डोळ्यांसमोरून काढून घेतला पाहिजे, इतके एकच त्याला कळले. दुसरे काहीच कळले नाही. तो वळला. दोन पावले टाकून, पाठ यंत्राकडे, तोंड भिंतीकडे करून उभा राहिला.

भिंत फिकट हिरवी होती. वर्षानुवर्षे तिच्याशेजारून जाऊनही रंगाचे पोपडे त्याने कधी पाहिले नव्हते. एका पोपड्याखाली आधीचा पिवळा रंग होता आणि त्याखाली आणखी कुठलासा. मागे मोटरचा आवाज चालू होता. न पाहता ऐकलेला तो आवाज फार जवळचा वाटत होता, मानेवरच. मनाचा एक कोपरा म्हणत होता की आपण काहीतरी मोठे केले आहे, आता ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहील. मग मोटर थांबली. "थांब" असे कोणी म्हटले ते त्याला नीट ऐकू आले नाही. मोटर थांबल्याचेच ऐकू आले. 'काय झालं?' हे शब्द घशाशी आले आणि त्याने ते तिथेच धरून ठेवले. विचारायचे नाही. वळायचे नाही. पावले आली. भराभर, त्याच्याकडेच.

"सर." ती धापा टाकत होती. "भार वर आहे. तुम्ही पाठ करून उभे आहात."

तो वळला. तिच्या चेहऱ्यावर कालचे काहीच नव्हते, रागही नव्हता. नुसती भीती होती, कामाची, कोरडी. "आणि वाटेत आहात," ती म्हणाली. "झाकण टेकवायला डावीकडे घेतलं की याच बाजूला येणार. मी झाकणाच्या कडेकडे बघू की तुमच्याकडे?" टांगलेल्या भाराकडे पाठ करायची नाही, हे तो स्वतः प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचा, तिलाही त्यानेच सांगितले होते. तिच्या खांद्यावरून त्याला झाकण दिसले, ते खरोखर त्याच्याच दिशेने तोंड करून होते. काका हात मागे घेऊन उभा होता आणि साहेबांकडे न पाहण्यासाठी आपल्या बुटांकडे पाहत होता. वरून वरचा म्हणाला, "साहेबांना म्हणावं, भिंत कुठे पळून जात नाही. आम्ही आहोत राखायला." दोघेतिघे खुसखुसले. नवीने वर पाहिले. "हसायचं नंतर," ती म्हणाली. "भार वर आहे."

त्याच्याजवळ खुलासा तयार होता. तू माझ्या चेहऱ्याकडे पाहू नयेस म्हणून मी वळलो. काल मी जे बोललो ते... वाक्य पूर्ण होते, नीट बांधलेले, कालचा भाग तर आदल्या संध्याकाळपासून घासून घासून चकचकीत केलेला. पण त्या वाक्यात भार कुठेच नव्हता, काकाचे हात नव्हते. त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत तो एकटाच होता. "हो," तो म्हणाला, "माझं चुकलं." ते त्याला काल म्हणायचे होते; आज ते भलत्याच गोष्टीसाठी म्हटले गेले, आणि तिने ते तेवढ्यापुरतेच घेतले. हसली तर मुळीच नाही. बाही धरून तिने त्याला दोन पावले पुढे आणले आणि हात लांब करून एक जागा दाखवली.

ती जागा खांबाआड होती. तिथून भार अर्धाच दिसत होता आणि तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता, की त्याचा तिला. तो तिथे जाऊन उभा राहिला. मोटर सुरू झाली.